जपान आणि आपण : किती फुकत होतो, किती फुकतो?

निशिकासाईकर

घर बदलताना सामानात एक चपटी पिशवी सापडली. चिल्लर ठेवायच्या पाकिटाएवढी, आतून चंदेरी अस्तर, वर टिचकीचं बटण. लेक म्हणाली, बाबा, हे काय? म्हटलं, राखदाणी. खिशातली. रस्त्यात ओढली तर राख आणि थोटूक यात टाकायचं, घरी आणून कचऱ्यात. ती ज्या नजरेनं माझ्याकडे बघत राहिली, त्यावरून हा धागा.

१९९३ ला ओसाकाला नोकरीवर गेलो. ऑफिसात प्रत्येक टेबलावर फोनच्या शेजारी एक राखदाणी. बैठकीच्या खोलीत काचेची, उचलताना मनगट दुखेल इतकी जड. सकाळी लवकर येऊन त्या धुऊन ठेवायचं काम ऑफिसातल्या मुलींकडे, आणि आमच्या मजल्यावर त्यातली एकही ओढत नव्हती. मी कॉलेजात कधीमधी कुणाच्या तरी चारमिनारचे दोन झुरके मारलेला. तिथे वर्षभरात रोजचं एक पाकीट माइल्ड सेव्हन. जपानीत 'इप्पुकु' म्हणून शब्द आहे. एक झुरका, किंवा घोटभर चहा, किंवा नुसतंच जरा टेकणं, तिन्हीला चालतो. 'इप्पुकु करूया' म्हणून साहेब उठला की चार जण मागे. कुठला प्रकल्प येतोय, कोणाची बदली होतेय, हे सगळं तिथेच कळायचं. न ओढणाऱ्याला आठवड्यानं कळायचं.

जपान टोबॅको ही कंपनी दरवर्षी पाहणी करायची. त्यात १९६६ साली ८३.७ टक्के पुरुष ओढणारे निघाले. हा त्यांचा कळस. बायका १८ टक्के. २०१८ साली शेवटची पाहणी झाली तेव्हा पुरुष २७.८ आणि बायका ८.७. म्हणजे मी पोचलो ते उतारावर, आणि मला तोच डोंगर वाटला!

आता आपलं. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतात २००९-१० ला १४ टक्के लोक ओढणारे होते, २०१६-१७ ला १०.७. नुसते पुरुष घेतले तर २४.३ वरून १९. माझा मुद्दा सरळ आहे. जपान पन्नास वर्षं उतरून जिथे पोचला, त्याच्या खाली आपण आधीपासूनच होतो. आपल्याकडे मोठ्यांसमोर ओढायची नाही ही जी लाज होती, ती बऱ्यापैकी कामाला आली असं मला वाटतं. आमच्याच घरात बघा, वडील नाहीत, काका नाहीत, भाऊ नाही. मी एकटा व्यसनी निघालो, तोही परदेशात जाऊन.

दुसरी गंमत जागेची. आपल्याकडे २ ऑक्टोबर २००८ पासून बंदी आली ती सार्वजनिक जागी, म्हणजे हॉटेल, ऑफिस, थेटर. दंड २०० रुपयांपर्यंत. रस्ता मोकळाच. जपानची सुरुवात उलटी, रस्त्यापासून. तोक्योच्या चियोदा वॉर्डानं २००२ मध्ये ठरावीक रस्त्यांवर ओढणाऱ्याला २००० येन दंड लावला. त्यात तब्येतीचा मुद्दा नंतरचा. गर्दीत हात खाली सोडून चालताना पेटती सिगारेट लहान मुलाच्या तोंडाच्या उंचीवर येते, थोटकं पडतात, हे कारण. तशी चित्रं काढलेली पोस्टरं खुद्द सिगारेट कंपनीच लावायची. आणि इझाकायात, म्हणजे त्यांच्या खाण्यापिण्याच्या गुत्त्यात, धूर असा की कोट दोन दिवस गॅलरीत टांगावा. पुण्याहून आलेले पाहुणे सवयीनं ओढायला बाहेर पडायचे आणि मी त्यांना ओढत पुन्हा आत आणायचो. बाहेर दंड, आत मोकळीक. आतली बंदी नीट आली ती थेट १ एप्रिल २०२० ला, तीसुद्धा छोट्या जुन्या दुकानांना सवलत ठेवून.

मी सोडली २०१० च्या ऑक्टोबरात. डॉक्टर, बायको, पोस्टर, कुणामुळे नाही. माइल्ड सेव्हन एका रात्रीत ३०० वरून ४१० येन झाली म्हणून. कोकणस्थ आहे, लपवत नाही.

तुमचे अनुभव लिहा.

चुनाडबी

पहिला नंबर माझा. काका, ती पिशवी आपल्याकडे विकायला ठेवली तर लोक त्यात सुपारी ठेवतील.

आकडेमोड

धागा आवडला, पण दोन खडे बाजूला काढतो. तुमचे जपानचे आकडे सिगारेट विकणाऱ्या कंपनीचे आहेत. सरकारच्या आरोग्य आणि पोषण पाहणीत २०१९ ला पुरुष २७.१, बायका ७.६, एकूण १६.७ असं आलं. फार फरक नाही, मान्य. पण ते २० वर्षांवरच्यांना मोजतात आणि आपलं सर्वेक्षण १५ वर्षांपासून वरच्यांना. पंधरा-सोळाची पोरं मिसळली की आपली टक्केवारी आपोआप पातळ होते. जपानात विसाच्या आत सिगारेट नाही हा कायदा १९०० सालचा आहे. २०२२ ला तिथे सज्ञान वय अठरा केलं, पण सिगारेटसाठी वीसच ठेवलं.

दुसरं, ८३.७ म्हणजे दर सहा पुरुषांतले पाच. आणि त्याचं बिल यायला वेळ लागतो. जपानी पुरुषांत कर्करोगानं होणाऱ्या मृत्यूंमध्ये पोटाचा कर्करोग कैक वर्षं पहिला होता. त्याला मागे टाकून फुप्फुसाचा पहिला आला तो १९९३ मध्ये. तुम्ही ओसाकाला उतरलात तेच वर्ष! कळस १९६६ चा, बिल सत्तावीस वर्षांनी. तेव्हा आजच्या टक्केवारीवरून आज कोण सुखी आहे हे ठरवू नका.

दाढदुखी

मी सातारा जिल्ह्यात दातांचा डॉक्टर आहे. काका, राग मानू नका, पण तुम्ही चुकीच्या खिडकीतून बघताय. आपल्याकडे धूर मोजून काय होणार?

तुम्ही दिलेल्याच सर्वेक्षणातलं महाराष्ट्राचं पान काढा. २०१६-१७ ला महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के. वाचून वाटेल आपण जगात आदर्श. त्याच पानावर धूर न करता तंबाखू घेणारे २४.४ टक्के. दर चौघांत एक. देशात एकूण तंबाखू घेणारे २८.६ टक्के होते, त्यात ओढणारे फक्त १०.७. जपानात तोंडात तंबाखू ठेवणारा माणूस शोधावा लागेल. म्हणून सिगारेट विरुद्ध सिगारेट अशी तुलना केली की जपान पूर्ण दिसतो आणि आपण अर्धेसुद्धा दिसत नाही.

माझ्याकडे येणाऱ्याला मी आधी विचारतो, तंबाखू? उत्तर येतं, "नाही डॉक्टर, सिगारेट-बिडी काही नाही." मग म्हणतो, तोंड उघडा. स्वतःची तीन बोटं उभी जातात का बघा. कित्येकांची दोन जात नाहीत. पंचविशीतली पोरं. गालाची आतली कातडी पांढरी, चामड्यासारखी ताठ झालेली. सुपारी आणि गुटख्याचं काम. २०१२ ला राज्यात गुटख्यावर बंदी आली, तर दुकानात दोन वेगळ्या पुड्या टांगल्या गेल्या. एकीत मसाला, एकीत तंबाखू, गिऱ्हाईक हातावर मिसळतं. भारतातल्या पुरुषांत तोंडाचा कर्करोग सगळ्यांच्या पुढे आहे, त्याचं बिल कुठल्या सिगारेटच्या आकड्यात शोधणार?

आणि लाजेचं म्हणाल तर लाज धुराची आहे. वडिलांसमोर सिगारेट पेटवणार नाही, पण वडिलांनीच मळलेल्या तंबाखूतली चिमूट घेईल. चावडीवर तंबाखू विचारणं म्हणजे ओळख काढणं. तुमच्या त्या जपानी शब्दाला आमच्याकडे शब्द नाही, क्रिया आहे. डाव्या तळव्यावर उजवा अंगठा, आणि दोन थापट्या.

चुनाडबी

डॉक्टर, माझा आयडी बदलायची वेळ आली वाटतं.

निशिकासाईकर

@दाढदुखी, निरुत्तर. मी खरंच 'ओढणं' म्हणजे व्यसन आणि 'खाणं' म्हणजे सवय असं धरून बसलो होतो. जपानला येणाऱ्या आपल्या लोकांच्या सामानात गायछापच्या पुड्या निघायच्या आणि मला ते लोणच्यासारखंच वाटायचं.

मांडवीकाठ

पणजीहून. शब्दाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, जपानी माणूस सिगारेटला 'ताबाको' म्हणतो आणि आपण 'तंबाखू', हे दोन्ही एकाच गलबतातून उतरलेत. पोर्तुगीजांनी आमच्याकडेही आणली आणि नागासाकीच्या बाजूलाही. तिकडे ती किसेरूत, त्या लांब दांडीच्या चिमुकल्या चिलमीत गेली. इकडे विड्यात आणि गुडगुडीत गेली. माल एक, तोंडं वेगळी.

गोव्यानं १९९७ मध्येच सार्वजनिक जागी ओढण्यावर कायदा केला होता. त्या कायद्याच्या नावातच धूम्रपानाबरोबर थुंकणंही आहे. जपानच्या कायद्यात तो शब्द घालायची वेळ आली नसावी.

पद्मशाली_पोर

बराच वेळ लिहू की नको करत होते. सगळे ओढणाऱ्यांबद्दल आणि खाणाऱ्यांबद्दल बोलताहेत, वळणाऱ्यांबद्दल कोणीच नाही.

माझी आई सोलापुरात बिड्या वळायची. आजीही. आमच्यासारख्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरांत पुरुष मागावर आणि बाई बिडीवर, ही वाटणी ठरलेली. तेंदूची पानं भिजवायची, पत्र्याचा तुकडा वर ठेवून कात्रीनं त्या मापात कापायची, चिमटीनं जर्दा भरायचा, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. मांडीवर सूप. आई शेजारणीशी बोलताना, भाताकडे बघताना, माझा अभ्यास घेताना हाताकडे बघायचीसुद्धा नाही. पंचवीस बिड्यांचा कट्टा. मजुरी दर हजार बिड्यांमागे. कारखान्यावर माल द्यायला गेलं की तपासणारा मूठभर बिड्या खराब म्हणून बाजूला टाकायचा. त्याचे पैसे नाहीत आणि त्या बिड्या परतही नाहीत.

निशिकासाईकर काका, तुमचा तो १९६६ वाचला आणि थबकले. बिडी कामगारांसाठीचा केंद्राचा कायदा १९६६ मध्येच झाला. ज्या वर्षी जपानात सहातले पाच पुरुष सरकारी कारखान्यात यंत्रावर झालेली सिगारेट ओढत होते, त्या वर्षी आपल्याकडे घरात बसून वळणाऱ्या बाईला 'कामगार' म्हणायचं हे कागदावर आलं. मला दोन देशांतला खरा फरक इथे दिसतो. त्यांची सिगारेट एका कारखान्यातून आली. वरून किंमत वाढवली, यंत्र थांबवलं की आकडा हलतो. आपली बिडी लाखो घरांच्या ओट्यावरून येते. त्या सर्वेक्षणात देशात बिडी ओढणारे ७.७ टक्के आणि सिगारेट ओढणारे ४. म्हणजे आपला 'ओढणारा' मुळात बिडीवाला आहे. २०१७ ला जीएसटी आला तेव्हा सिगारेटवर करावर उपकर बसला, बिडीवर नाही. कारण प्रत्येक वेळी आमच्या आयांचं नाव पुढे केलं जातं. आईच्या नावानं कर वाचतो, आईची मजुरी वाढत नाही.

सोलापूरजवळ कुंभारीला बिडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत झाली, २००६ मध्ये चाव्या मिळाल्या. गोदूताई परुळेकरांचं नाव आहे तिला. आईची मैत्रीण तिकडे राहायला गेली. घर पक्कं, पण खोलीत वास तोच, ओल्या पानाचा.

आईनं आयुष्यात एकही बिडी ओढली नाही. खोकला मात्र होता.

दाढदुखी

ताई, हा प्रतिसाद वर चिकटवून ठेवायला हवा.

टपरीतत्त्वज्ञ

किमतीवरून आठवलं. जपानात पाकीटच घ्यावं लागतं, वीसचं. आपल्याकडे सुटी मिळते. टपरीवर टांगलेल्या पेटत्या सुंभावर सिगारेट लावायची, सुटे नसतील तर गोळी घ्यायची. पाकिटाची किंमत चाळीस रुपयांनी वाढली तर माझी एक सिगारेट दोन रुपयांनी वाढते, आणि दोन रुपयांसाठी कोण सोडतो? महाराष्ट्रानं सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या विक्रीवर बंदी घातली. मला ती बातमी मित्रानं सांगितली, टपरीवर, सुटी पेटवताना.

शिवाय पाकिटावर ८५ टक्के जागेत ते भयानक चित्र असतं २०१६ पासून. सुटी घेणाऱ्याला पाकीट दिसतच नाही. चित्र बघतो टपरीवाला, आणि तो ओढत नाही.

नागोयाची_सून

मी नागोयात आहे. नवरा ओढणारा, आता 'यंत्र' ओढणारा. २०१४ च्या नोव्हेंबरात आयकॉस पहिल्यांदा विकायला आलं ते आमच्याच शहरात. तंबाखूची कांडी जाळायची नाही, नुसती तापवायची. वास भाजक्या मक्यासारखा. जपानात गेल्या दहा वर्षांत सिगारेटचा खप झपकन पडला, त्यात याचा वाटा मोठा आहे. २०१९ च्या सरकारी पाहणीत ओढणाऱ्या पुरुषांपैकी चौथा हिस्सा तरी असलं यंत्र वापरणारा निघाला. तेव्हा 'लोकांनी सोडली' असं म्हणताना जरा जपून. काहींनी सोडली, काहींनी धूर सोडला.

जपानचा २०२० चा नवा कायदासुद्धा याला वेगळं धरतो. हॉटेलात साध्या सिगारेटच्या खोलीत जेवण नेता येत नाही, यंत्रवाल्यांच्या खोलीत जेवताही येतं. भारतात मात्र २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेटबरोबर हेही बंद. सुट्टीवर यायच्या आधी नवरा यंत्र ड्रॉवरमध्ये ठेवतो, आणि सांगलीत उतरल्यावर पहिल्या संध्याकाळी भावाबरोबर 'जरा पाय मोकळे करून' येतो.

बायकांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. निशिकासाईकर म्हणाले त्या राखदाण्या धुणाऱ्या मुली. त्यांच्या फुप्फुसांचा हिशोब जपान्यांनीच जगात पहिल्यांदा ठळकपणे मांडला. ताकेशी हिरायामा यांनी नव्वद हजारांवर न ओढणाऱ्या बायकांचा चौदा वर्षं पाठपुरावा करून १९८१ मध्ये दाखवलं, की नवरा जितका जास्त ओढणारा तितका बायकोला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका जास्त. त्या वेळी सिगारेट कंपन्यांनी त्यांच्यावर रान उठवलं होतं. अभ्यास तोक्योत १९८१ ला, आणि तोक्योच्या हॉटेलात आतली बंदी २०२० ला. मोजा वर्षं.

आकडेमोड

@नागोयाची_सून, एकोणचाळीस. कारण शोधायला लांब जायला नको. १९०४ मध्ये रशियाशी युद्धाला पैसा हवा म्हणून जपान सरकारनं सिगारेट बनवण्याचा धंदाच ताब्यात घेतला. १९८५ ला कंपनी केली, पण कायद्यानं तिचे एक तृतीयांशाहून जास्त शेअर सरकारकडेच राहिले पाहिजेत. ते सांभाळतं अर्थखातं. एका खात्यानं ओढू नका म्हणायचं आणि दुसऱ्यानं लाभांश घ्यायचा.

हसायच्या आधी आपल्याकडे बघा. सिगारेट बनवणाऱ्या आयटीसीतला मोठा भागधारक आहे आयुर्विमा महामंडळ. तुमचा-माझा हप्ता.

टपरीतत्त्वज्ञ

म्हणजे मी ओढतो ते तुमच्या पॉलिसीच्या बोनससाठी. आभार माना.

मांडवीकाठ

आपल्याकडे सरकारनं आपणहून केलं असंही नाही. आधी १९९९ ला केरळ उच्च न्यायालयानं मनाई केली, मग मुंबईचे काँग्रेस नेते मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर २००१ मध्ये सार्वजनिक जागी ओढायला मनाईचा आदेश आला. संसदेचा कायदा त्यानंतर, २००३ चा. आणि त्याआधी क्रिकेट संघाच्या शर्टावर विल्स या सिगारेटचं नाव होतं, १९९६ चा विश्वचषकच विल्स! आम्ही शाळकरी पोरं ते नाव वहीवर रंगवायचो.

नागोयाची_सून

एक राहिलंच. मार्च २०२४ मध्ये शिनकान्सेनमधल्या, म्हणजे बुलेट ट्रेनमधल्या, शेवटच्या धूम्रपान खोल्या काढल्या. १९७६ ला त्या गाडीत 'इथे ओढू नये' असा एकच डबा होता. आता त्या खोल्यांच्या जागी आपत्तीसाठी पाण्याच्या बाटल्या ठेवल्यात. नवरा त्या दाराशी दोन मिनिटं उभा राहिला, समाधीपुढे उभं राहावं तसा.

लाटवणकर

कोकणातल्या बायकांच्या मशेरीचं कोणीच नाव घेतलं नाही? आमच्याकडे सकाळी तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, त्या ठसक्यानं आख्खं घर जागं व्हायचं. घाटावर मिश्री म्हणतात. दात घासायचं निमित्त. दिवसातून तीन-चार वेळा दात कोण घासतं? पण विचारा त्या बाईला, "तंबाखू घेता का?" म्हणेल, "शी! आमच्या घरात कोणी नाही घेत."

दाढदुखी

सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या बायकांत ओढणाऱ्या १.४ टक्के आणि धूर न करता तंबाखू घेणाऱ्या १६.६. ती दुसरी रांग बरीचशी हीच. सर्वेक्षणवाला यादी वाचून मिश्री म्हणून नाव घेऊन विचारतो म्हणून निघते. नुसतं 'तंबाखू' विचारलं तर निघणार नाही.

निशिकासाईकर

@लाटवणकर, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि आज लिहितोय.

मी वर लिहिलं होतं, घरात मी एकटाच व्यसनी. आई मशेरी लावायची. सकाळी, जेवल्यावर, चार वाजता, निजताना. चाळीस वर्षं तरी. धागा लिहिताना वडील, काका, भाऊ सगळे मोजले. ती आठवलीच नाही.

१९९६ ला सुट्टीवर येताना पीस सिगारेटचा रिकामा डबा आणला होता, पन्नास सिगारेटींचा गोल पत्र्याचा, निळा, त्यावर चोचीत डहाळी धरलेलं कबुतर. झाकण असं बसायचं की आत दमट हवा जायची नाही. मला वाटलं होतं ती त्यात हिंग ठेवेल. तिनं मशेरी ठेवली. पावसाळ्यात कशी कोरडी राहते म्हणून शेजारणींना दाखवायची, "लेकानं जपानहून आणलाय."

चुनाडबी

काका, फोटो टाका ना डब्याचा.

निशिकासाईकर

डबा बहिणीकडे आहे, रत्नागिरीला. आता त्यात सुया-दोरे आहेत. विचारतो तिला.